भिंतीकडे तोंड केलेले स्पीकर

वसमतच्या मोंढ्यामागच्या गल्लीत उत्तमरावांचे दुकान आहे. त्या दुकानातले सगळे स्पीकर भिंतीकडे तोंड करून उभे असतात. गृहपाठ न केलेल्या मुलांना वर्गाच्या कोपऱ्यात उभे करावे, तसे ते ओळीने उभे. गिऱ्हाइकाला दिसतात त्या केवळ त्यांच्या पाठी, पाठीवरचे स्क्रू आणि लोंबणाऱ्या वायरी. दुकानातला आवाज आधी भिंतीला धडकावा आणि उरलासुरला गिऱ्हाइकाच्या कानी यावा, अशी व्यवस्था मी अन्यत्र कोठेही पाहिलेली नाही. कारण विचारले तर उत्तमराव म्हणतात, "मोंढ्याची हळद उडती, म्याडम. स्पीकरच्या पडद्यात जाऊन बसती. मंग आवाजाला कावीळ व्हती."

हे कारण मला पटले होते. न पटण्यासारखे त्यात काही नव्हते. हळद पॉलिश करण्याची यंत्रे फिरू लागली की आमच्या गावात पांढरे मांजरदेखील फार दिवस पांढरे राहत नाही. ते कारण खरे नव्हते, हे कळायला मला चार महिने लागले.

दुकानाला नाव नाही. दारावर पत्र्याचा एक तुकडा ठोकलेला आहे आणि त्यावर लाल रंगात दोन ओळी आहेत : 'फक्त शिकाऊ लोकांसाठी. बेस मागू नये.'

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी येथील महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. सव्वीस वर्षे 'शांतता राखा' या पाटीखाली बसून मी चरितार्थ चालवला. बावन्नाव्या वर्षी मला स्क्रॅचिंग शिकावेसे वाटले, हे वाक्य लिहिताना आजही माझा हात अडखळतो. फिरत्या तबकडीवर हात ठेवून ती मागेपुढे घासायची, दुसऱ्या हाताने आवाजाची सरकपट्टी उघडायची-मिटायची आणि त्या घासण्यातून ताल काढायचा, एवढाच या कलेचा सारांश. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात डीजेवाल्याने चालू गाण्यावर नुसता पंजा ठेवला. गाणे शब्दाच्या मध्यावर थबकले, मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा मागे गेले. चालू असलेली गोष्ट थांबवता येते, मागे नेता येते आणि आपल्या मर्जीने पुन्हा सोडता येते, हे मी आयुष्यात प्रथमच पाहिले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मराठी विभागातल्या देशमुखबाईंना मी हे भीत भीत सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, या वयात गुडघे घासले जातात, तबकड्या नाही." मी हसले. घरी आले आणि लक्षात आले की मला हसू आलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी उत्तमरावांच्या दुकानात गेले.

जाताना एक तक्ता नेला होता. नवशिक्याला परवडतील अशा सात यंत्रांची तुलना, चौदा रकाने, तळटीपांसह. उत्तमरावांनी तो उभ्यानेच वाचला. साठीकडे झुकलेला, काटक माणूस. कानामागे पेन्सिलीऐवजी दाढीचा ब्रश. या ब्रशाने ते सरकपट्टीतली, म्हणजे फेडरमधली, हळद झटकतात, हे पुढे कळले. वाचता वाचता त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवले.

"ह्ये 'प्रकाशयोजना' म्हंजे काय?"

"या यंत्राला सोळा दिवे आहेत."

"ते काय करतेत?"

"लागतात."

"आन् मंग?"

"विझतात," मी म्हणाले, आणि माझ्या तक्त्यातला एक रकाना तेथेच पडला.

"बराबर. दिवे लग्नाला लागतेत, शिकायला न्हाई." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "तक्ता झकास हाय, म्याडम. पन ह्यात हात कुठंय?"

"कोणाचा हात?"

"तुमचा."

मी दोन्ही हात पुढे केले. स्पर्श न करता, दुरूनच, ज्योतिषाने बघावे तसे त्यांनी ते पाहिले. "उजवा लिव्हायचा. डावा पुस्तक धरायचा. डाव्याला तुमी जन्मात काम सांगितलं न्हाई. त्याला आधी कामाला लावा, मंग म्हशीन बघू."

"पण मला एक परवडणारे यंत्र हवे होते. या वयात फार महागाचे घेणे बरे दिसत नाही…"

"काहून? कुठं लिव्हलंय?"

हे त्यांचे पालुपद. 'काहून, कुठं लिव्हलंय?' नगरपालिकेच्या माणसापासून पाव्हण्यांपर्यंत जो कोणी त्यांना 'असे करू नये' म्हणतो, त्याला हा एकच प्रश्न. सव्वीस वर्षे पुस्तकांत काढलेल्या मला खरोखरच आठवेना की बावन्न वर्षांच्या बाईने तबकडी घासू नये, असे कुठे लिहिले आहे. मी रीतसर शोध घेतला. नाही लिहिलेले.

परवडण्याची त्यांची व्याख्याही मला कोणत्या पुस्तकात सापडली नसती. "जे मोडलं तर वसमतात दुरुस्त व्हतं, ते परवडतं. ज्याच्यासाठी पुण्याला जावं लागतं, ते फुकट मिळालं तरी महाग." त्यांनी मला दोन जुन्या तबकड्या दाखवल्या. एक रबरी पट्ट्यावर फिरणारी, दुसरी थेट मोटारीवर. "ही पट्ट्याची म्हंजे म्हातारा बैल. हात लावला की बसतो, उठाया येळ लागतो. तवर तुमचा ताल हिंगोलीला पोचतो. ही मोटारीची बघा. दाबली, सोडली, लगीच चालाया लागली." मग त्यांनी लॅपटॉपला जोडायचे एक लहानसे यंत्र काढले. त्याच्यावर दोन चाके, मध्ये फेडर. "चाक बारीक नको, बोटं अडकतेत. फेडर घट्ट नको, अंगठा दुखतो. आन् चाक हालवल्यावर आवाज उशिरा आला तर ती म्हशीन पाव्हण्यांना द्या. बाकी चौदा रकाने तुमच्या कालिजात ठिवा."

"हेच यंत्र द्या मग," मी म्हणाले.

"न्हाई."

"का?"

"तुमाला काडेपेटी लागती आदी."

त्यांनी खरोखरच एक काडेपेटी काढली, काड्या ओतून रिकामी केली आणि आतले खोके अंगठ्याने उघडून बोटाने मिटवून दाखवले. हा झाला फेडर. घरी वाटी पालथी घालायची, तिच्यावर स्टीलचे ताट ठेवायचे, ही झाली तबकडी. उजव्या हाताने ताट मागेपुढे, डाव्या हाताने काडेपेटी उघड-मीट.

"पण त्यातून आवाज येणार नाही," मी म्हणाले.

"फुकटातली म्हशीन हाय, म्याडम. आवाज बी आला असता तर पैसे पडले असते."

अशा रीतीने माझे शिक्षण सुरू झाले. घरी ताट, आणि ग्रंथालयात दुपारी वाचक नसताना टेबलाखाली काडेपेटी. आठवडाभरात आमच्या शिपायाने, गणपतने, हे पाहिले. "म्याडम, पुस्तकांत काडेपेटी?" त्याने एवढेच विचारले. मी काडेपेटी घाईने खणात टाकली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशेजारी वाळूने भरलेली लाल बादली आणून ठेवलेली होती. ती अजून तेथेच आहे. मी ती हलवायला सांगितलेली नाही. काहून? कुठं लिव्हलंय?

महिन्याने उत्तमरावांनी मला यंत्रावर बसू दिले. विकत मात्र दिले नाही. दुकानातले स्टूलही स्पीकरांप्रमाणेच भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. शिकणाऱ्याने भिंतीकडे पाहत घासायचे. घासायला आवाजही सर्वांना एकच : क्लॅरिनेटचा एक लांब सूर, जेमतेम एका श्वासाचा. कुठल्याशा जुन्या कॅसेटवरून त्यांनी तो उतरवून घेतला होता. त्याला ते 'फुंक' म्हणत. मी विचारले, "दुसरा एखादा आवाज घेऊ का?" ते म्हणाले, "ही फुंक बोलकी हाय. हिलाच बोलतं करा."

शिकवताना ते कधी ओरडत नसत. ओरडणे त्यांनी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवले होते. एकदा मी बसलेली असताना पांढऱ्या बुटांतला एक गृहस्थ कुरुंद्याहून आला. धाकट्या भावाचे लग्न होते.

"दोन बेस पायजेत."

"पाटी वाचली का?"

"वाचली. पैशाची तकलीफ न्हाई. वरातीत छाती हादरली पायजे बगा."

"लगीनच करून राहिला ना तो? मंग हादरंल की आपोआप."

"आवो, बेसाशिवाय डीजे असतो व्हय?"

"काहून? कुठं लिव्हलंय?" उत्तमराव उठून उभे राहिले. "गावात धा दुकानं हाईत छाती हादरवायची. ह्ये एक न्हाई. जावा."

त्याहून विचित्र प्रसंग नांदेडच्या माणसाचा. तो या कलेतला मुरलेला. सहज म्हणून यंत्रावर बसला आणि त्याचा हात असा काही लोण्यासारखा फिरला की मी माझी काडेपेटी पर्समध्ये लपवली. त्याला एक चांगला फेडर विकत हवा होता. उत्तमरावांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "लई भारी. पन तुमाला न्हाई द्यायचा."

"का बरं?"

"तुमी चुकत न्हाई. तुमचा इथं काय उपेग?"

तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. मी भिंतीकडे पाहू लागले.

उत्तमरावांच्या घरची हकीकत मला पार्वतीवहिनींनी, त्यांच्या पत्नीने सांगितली. दुकानामागेच त्यांचे घर. दुपारी चहा घेऊन त्या येत. चहाचे कप तीन असत : एक उत्तमरावांचा, एक माझा, आणि तिसरा घेऊन त्या मागच्या दाराने निघून जात. एकदा उत्तमराव वायरी आणायला गेले होते, तेव्हा मी विचारले, तिसरा कोणाचा.

"थोरल्या भाऊजींचा. ही भिंत हाय न्हवं, हिच्या पल्याड त्यांची खोली. भिंतीला लागूनच बाज हाय त्यांची." त्यांनी आवाज खाली आणला. "बँड व्हता त्यांचा. क्लॅरिनेट वाजवायचे. तुमी जी फुंक घासता ना, ती त्यांचीच हाय. आता दम्यानं फुंक ऱ्हायली न्हाई अंगात. पन तवा! ताशावाला येक ठोका चुकला तर भर वरात थांबवायचे. नवरदेव घोड्यावर वाळून जायचा, आन् भाऊजी रस्त्यात उभे ऱ्हाऊन ठोका दुरुस्त करून राहिले."

"मग बोलत का नाहीत दोघे?"

"गावात पयला डीजे ह्यांनीच आणला. येका लग्नात म्होरं भाऊजींचा बँड, मागून ह्यांची गाडी. बँड कुणालाच ऐकू येईना. भाऊजी वाजवायचे थांबले आन् चालत घरी आले. ती सुपारी त्यांची शेवटची. वरून ह्यांनी घरी येऊन नवा बेस लावून बघितला. भिंत अशी हादरली की पल्याड सासऱ्यांचा फोटो खाली पडून फुटला. अकरा वर्सं झाली. पल्याड चहा जातो, बोलणं जात न्हाई. ह्यांनी गाडी इकली, बेस इकले, माफी मागाया गेले. दार उघडलं न्हाई."

"पुन्हा गेले नाहीत?"

"न्हाई. म्हणले, पाया पडून झालं. आता भांडून बगतो."

ते भांडण कुठे चालू आहे, हे मी वहिनींना विचारले नाही, कारण मला ते कुठे दिसत नव्हते. ग्रंथपाल असूनही या नोंदी मला एकमेकींशेजारी लावता आल्या नाहीत.

हळदीचा हंगाम सरत आला तसा मी धीर करून यंत्राचा विषय पुन्हा काढला. देशमुखबाईंनी एव्हाना वाळूच्या बादलीचीही चौकशी केली होती, आणि मी त्यांना सांगून टाकले होते की येत्या स्नेहसंमेलनात मी वाजवणार आहे. असे काही मी बोलेन, हे मलाही ठाऊक नव्हते. आता यंत्र घरी येणे भाग होते.

"चार-चार मात्रांच्या सोळा फेऱ्या बिनचूक वाजवा," उत्तमराव म्हणाले. "मंग म्हशीन तुमची."

दुपारचे तीन वाजले असतील. मी स्टुलावर बसले, भिंतीकडे तोंड करून. चकती सहज सरकावी म्हणून तिच्याखाली मिठाईच्या दुकानातला बटर पेपर घातलेली, यंत्राला जोडलेली मोटारीची तबकडी त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी काढली होती. मी हात ठेवला. फुंक पुढे, फुंक मागे. फेडर उघड, फेडर मीट. एक, दोन, तीन, चार.

माझा एक दोष आहे. तिसऱ्या मात्रेला माझा डावा अंगठा घाई करतो आणि फेडर आधीच मिटतो. तिसरी मात्रा गिळली जाते. इतर शिकाऊ लोक दर वेळी वेगळ्या जागी चुकतात. मी पद्धतशीर स्वभावाची असल्यामुळे दर वेळी तेथेच चुकते, तेवढीच चुकते. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. प्रत्येक फेरीत तिसरी मात्रा गडप. मला ते कळत होते, आणि कळल्यामुळे अंगठा अधिकच घाई करत होता.

सहाव्या फेरीला भिंतीतून आवाज आला. ठक्.

मी थांबले.

"थांबू नका," उत्तमराव म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना ऐकले नव्हते.

मी पुन्हा सुरू केले. या वेळी चार ठोके आले, सारख्या अंतराने. पहिला, दुसरा, चौथा साधे. तिसरा असा जोरात की भिंतीचा चुना माझ्या मांडीवर पडला.

"उंदीर असेल," मी काहीतरी बोलायचे म्हणून बोलले.

"उंदीर तालात न्हाई ठोकत, म्याडम."

त्यांच्या हातातला ब्रश थांबला होता. मी ओशाळून म्हणाले, "माझी तिसरी मात्रा जाते आहे. आता दुरुस्त करते."

"खबरदार!" ते म्हणाले, आणि लगेच आवाज खाली आणला. "तीच चूक करा. तितंच. बराबर तशीच."

"मुद्दाम?"

"काहून? चुकू नये म्हणून कुठं लिव्हलंय?"

शब्द नेहमीचेच होते. पण त्यांत नेहमीचा ठसका नव्हता. ते वाक्य त्यांनी जवळजवळ विनवल्यासारखे म्हटले. आणि मग माझ्या डोक्यातल्या सगळ्या नोंदी एकाएकी आपापल्या जागी जाऊन बसल्या : पाठमोरे स्पीकर, फक्त शिकाऊ लोकांसाठी असलेले दुकान, नांदेडच्या माणसाचा निरुपयोगी ठरलेला लोण्यासारखा हात, आणि ताल चुकला की वरात थांबवणारा, भिंतीपलीकडे बाजेवर पडलेला एक माणूस. अकरा वर्षे उत्तमराव त्या भिंतीवर चुका फेकत होते. त्यांतली एकही त्याला पुरेशी असह्य झाली नव्हती.

मी तबकडीवर हात ठेवला. एक, दोन, गिळली, चार. एक, दोन, गिळली, चार. ठोके आले, अधिक जोरात. मीही थांबले नाही. सव्वीस वर्षांत कोणी 'शू' म्हटले असते तर मी जागच्या जागी विरघळले असते, पण त्या दुपारी मला भीती वाटली नाही. एक, दोन, गिळली, चार. आणि मग भिंतीपलीकडून खोकल्याची एक उबळ आली, आणि उबळीमागून बारीक, संतापलेला आवाज :

"उत्त्या! आरं, तिसरी खाऊन राहिली ना ती बाई! कान फुटले काय तुहे?"

अकरा वर्षांनंतरचे ते पहिले वाक्य होते, आणि ते माझी तक्रार करणारे होते. आयुष्यात माझ्याविषयी इतके महत्त्वाचे कोणी काही बोललेले नाही.

उत्तमराव भिंतीशी गेले.  मागच्या दारात पार्वतीवहिनी चहाचे तीन कप घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. उत्तमराव भिंतीकडे पाहून ओरडले, "मला न्हाई येत शिकवाया! ज्याला येतं त्यानं यावं हिकडं!"

 पलीकडे बाज करकरली. आम्ही तिघेही दाराकडे पाहू लागलो. कोणी आले नाही.

उत्तमरावांनी कोपऱ्यातले दुसरे स्टूल ओढले. कानामागे ब्रश खोचायच्या ऐवजी त्याच ब्रशाने त्या स्टुलावरची हळद झटकली, पुन्हा एकदा झटकली, आणि ते माझ्या शेजारी ठेवले. भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून. मग जवळच्या एका स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.

"आणि माझे यंत्र?" मी हळूच विचारले.

"बिनचूक वाजवल्याबिगर मिळणार न्हाई." त्यांनी डोळे पुसले, हळद गेली असावी. "आन् बिनचूक वाजवायची घाई करू नका."

भिंतीतून चार ठोके आले, तिसरा जोरात. रिकाम्या स्टुलाशेजारी बसून मी तिसरी मात्रा, शक्य तितक्या काळजीपूर्वक, चुकवत राहिले.